जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षं?

खुनाच्या खटल्याचा निकाल लागतो, 'आरोपीला जन्मठेप' अशी बातमी येते आणि लगेच हिशेब सुरू होतो. म्हणजे चौदा वर्षं ना? कोणी म्हणतं, नाही, वीस. कोणी छातीठोकपणे सांगतं की तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात, म्हणून चौदा वर्षांची सातच भरतात.

दिवस-रात्रीची गोष्ट साफ खोटी आहे. तुरुंगातलं वर्ष बाहेरच्या वर्षाएवढंच असतं. चौदा आणि वीस हे आकडे मात्र खरोखरच कायद्यात आहेत. ते तिथे कशासाठी आहेत हे माहीत नसल्यामुळे घोळ होतो. त्याची झळही खऱ्या माणसांना बसते. ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं, ते चौदा वर्षांनी हा सुटणार म्हणून आतल्या आत जळत राहतात. ज्यांच्या घरातलं माणूस आत आहे, ते त्याच चौदा वर्षांवर आस लावून बसतात. फसगत दोघांचीही होते.

कायद्याच्या लेखी जन्मठेप म्हणजे माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ मध्येच स्पष्ट केलं, तेही महाराष्ट्राच्या एका प्रकरणात. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांचं म्हणणं होतं की, तुरुंगात चांगल्या वागणुकीने मिळवलेल्या माफीचे, म्हणजे शिक्षेतून वजा होणारे, दिवस धरले तर आपली वीस वर्षं भरली आहेत, आता आपल्याला डांबून ठेवता येणार नाही. न्यायालयाने हे मान्य केलं नाही. जन्मठेप ठरावीक वर्षांनी आपोआप संपत नाही. सरकारने रीतसर आदेश काढून शिक्षा कमी केली तरच कैदी बाहेर येतो. नाहीतर तो शेवटपर्यंत आत राहतो.

मग वीस हा आकडा कुठून आला? जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५७ मधून. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ६ मध्ये आहे. काही गुन्ह्यांच्या शिक्षा दुसऱ्या शिक्षेचा अंश म्हणून ठरतात. उदाहरणार्थ, गुन्ह्याचा नुसता प्रयत्न झाला असेल आणि त्यासाठी वेगळी तरतूद नसेल, तर मूळ शिक्षेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा देता येते. मूळ शिक्षा जन्मठेप असेल तर तिचं निम्मं काढायचं कसं? कोण किती जगेल ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून फक्त या भागाकारापुरती जन्मठेप वीस वर्षांची धरायची, असं कायदा म्हणतो. कैद्याच्या सुटकेशी त्याचा काहीही संबंध नाही.

चौदाचं प्रकरण वेगळं आहे, आणि तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घालण्यात आलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेला, किंवा फाशी कमी होऊन जन्मठेप झालेला कैदी किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटणार नाही, अशी ही तरतूद. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४७५ मध्ये आहे. म्हणजे चौदा ही किमान मर्यादा आहे, आणि तीसुद्धा कैद्यासाठी नसून सरकारसाठी घातलेली आहे: एवढी वर्षं होईपर्यंत तुम्ही सुटकेचा आदेश काढूच शकत नाही. चौदा वर्षं भरली म्हणजे सुटकेचा हक्क मिळाला, असं होत नाही. आपल्या सुटकेचा विचार व्हावा एवढाच हक्क मिळतो.

१९८० मध्ये मारू राम खटल्यात घटनापीठाने हे कलम वैध ठरवलं. त्याच निकालात असंही म्हटलं की राष्ट्रपतींना कलम ७२ खाली आणि राज्यपालांना कलम १६१ खाली घटनेने दिलेल्या शिक्षामाफीच्या अधिकारांना ही चौदा वर्षांची अट बांधू शकत नाही. पण राष्ट्रपती आणि राज्यपाल हे अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरतात. त्यामुळे फिरून निर्णय सरकारकडेच येतो.

चौदा वर्षं मोजायची कशी, हाही प्रश्नच आहे. निकालाआधी कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस धरले जातात. जन्मठेपेच्या कैद्यांनाही हा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केलं. चांगल्या वागणुकीबद्दल आणि कामाबद्दल मिळणारी माफी या चौदात धरली जात नाही. जामिनावर बाहेर काढलेला काळ धरला जात नाही. पॅरोलवरचे दिवसही धरायचे नाहीत, असा निकाल २०२३ च्या जानेवारीत गोव्याच्या एका प्रकरणात लागला.

मग मिळवलेली माफी वाया जाते का? नाही. राज्य सरकारं मुदतपूर्व सुटकेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवतात. महाराष्ट्रात २०१० ची तत्त्वं आहेत. त्यात गुन्ह्याचं स्वरूप पाहून कैद्यांचे गट केले आहेत आणि प्रत्येक गटाला वेगवेगळी मुदत लावली आहे. ही मुदत माफी धरून मोजतात. समजा एखादा कैदी चोवीस वर्षांच्या गटात बसला आणि त्याने सहा वर्षांची माफी मिळवली, तर अठरा वर्षं प्रत्यक्ष काढल्यावर त्याच्या सुटकेचा विचार होऊ शकतो. मात्र माफी कितीही मोठी असली तरी चौदाच्या खाली जाता येत नाही. भांडणाच्या भरात एकाच वाराने झालेला खून आणि पैशासाठी थंड डोक्याने केलेला खून, दोन्हींना न्यायालयात 'जन्मठेप' हाच शब्द उच्चारला जातो. त्यांच्यातला फरक खऱ्या अर्थाने उघड होतो तो इथे, मंत्रालयातल्या फाइलवर.

फाइल कशी चालते

माझ्या मते या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. न्यायालयातला निकाल उघडपणे लागतो. वकील युक्तिवाद करतात, कारणं लिहिली जातात, अपील होतं. सुटकेचा निर्णय मात्र अहवालांवर होतो. तुरुंग अधीक्षक वागणुकीचा अहवाल देतात. पोलीस सांगतात की हा गावात परत आला तर शांततेला धोका आहे की नाही. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याचं मत मागवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावलंय की हे मत कारणांसह असलं पाहिजे, नुसतं 'सोडू नये' एवढं लिहून भागत नाही.

विचार कशाचा करायचा हे २००० साली लक्ष्मण नासकर प्रकरणात सांगितलं गेलं. गुन्हा एका व्यक्तीपुरता होता की त्याने सगळा समाज हादरला? पुन्हा तसं होण्याची शक्यता आहे का? गुन्हा करण्याची या माणसाची क्षमता उरली आहे का? त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का? त्याच्या कुटुंबाची आर्थिक, सामाजिक स्थिती काय? नीट पाहिलं तर यातले बहुतेक प्रश्न आजच्या माणसाबद्दल आहेत, वीस वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल नाहीत. आणि आजच्या माणसाबद्दल काही सांगायचं तर त्याला कोणीतरी इतकी वर्षं जवळून पाहिलेलं असायला हवं. खच्चून भरलेल्या बराकीत ते कोण पाहणार?

निर्णय कोणत्या राज्याने घ्यायचा यावरूनही मोठा अनर्थ होऊ शकतो. गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा दोषींना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ ला सोडलं. खटला मुंबईत चालला होता, शिक्षा मुंबईत झाली होती. त्यामुळे सुटकेचा निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हताच, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला तो आदेश रद्द केला आणि अकराही जणांना परत तुरुंगात जावं लागलं. दोषी सुटले तेव्हा काढलेल्या निवेदनात पीडित बिल्किस यांनी म्हटलं होतं की एवढा मोठा निर्णय घेण्याआधी माझ्या सुरक्षिततेची कोणी विचारपूससुद्धा केली नाही. पीडित माणसाला विचारणं, निदान आधी कळवणं, हा या प्रक्रियेचा सक्तीचा भाग असायलाच हवा. अंतिम शब्द पीडिताचा नसेल, पण कानावर घालणं हा किमान माणुसकीचा भाग आहे. त्याने कैद्याच्या हक्कांना कसलाही धक्का लागत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००८ साली स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे पेच होता: फाशी फार वाटते, आणि जन्मठेप दिली तर चौदा वर्षांनंतर सुटकेचं दार उघडतं, ते फार कमी वाटतं. न्यायालयाने मधली वाट काढली. मरेपर्यंत कैद, आणि माफीचा विचारही नाही. २०१५ मध्ये घटनापीठाने ही वाट मान्य केली. मात्र अशी शिक्षा फक्त उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं, सत्र न्यायालय नाही. काही मोजक्या गुन्ह्यांत, जसं सामूहिक बलात्कार, जन्मठेप म्हणजे उरलेलं नैसर्गिक आयुष्य असं कायद्यातच लिहिलं आहे. त्यामुळे बातमी वाचताना 'जन्मठेप' या शब्दापुढे आणखी काय लिहिलंय ते जरूर वाचावं.

त्याआधी, शिक्षा ठरते कशी

दोषी ठरवणं आणि शिक्षा ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोष सिद्ध झाल्यावर न्यायाधीशांनी आरोपीला शिक्षेबद्दल स्वतंत्रपणे ऐकून घ्यावं, ही तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. त्या सुनावणीत वय, परिस्थिती, पहिलाच गुन्हा आहे का, मनाची अवस्था, सुधारण्याची शक्यता हे सगळं मांडता येतं. पण अनेकदा ही सुनावणी एखाद्या परिच्छेदात आटोपते. 'आरोपी गरीब आहे, घरात कमावणारा एकटाच आहे, दया दाखवावी.' माणसाच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा निर्णय एवढ्याशा वाक्यावर होऊ नये.

कायदा बहुतेक गुन्ह्यांना कमाल मर्यादा देतो, काहींना किमानही. मधल्या जागेत न्यायाधीश मोकळे असतात. शिक्षा ठरवण्यासाठी ठोस मार्गदर्शक तत्त्वं असावीत असं फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ मध्ये सुचवलं होतं. ती अजून झालेली नाहीत. त्यामुळे सारख्या गुन्ह्याला दोन न्यायालयांत फार वेगळी शिक्षा होऊ शकते.

सगळ्या दोषींना तुरुंगातच जावं लागतं असंही नाही. १९५८ चा अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा सांगतो की योग्य प्रकरणात दोषीला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं, गरज पडल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. एकवीस वर्षांखालच्या दोषीला तुरुंगात पाठवायचं असेल तर न्यायालयाने त्याची कारणं लिहायला हवीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने समाजसेवा हीसुद्धा शिक्षा म्हणून आणली. पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याने पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू चोरली आणि ती परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवा करावी लागते. कोवळ्या पोराला सराईत गुन्हेगारांच्या बराकीत ढकलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि शिक्षेच्या या सगळ्या चर्चेत एक मोठी गोष्ट सुटून जाते. ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. चारातले तीन जण! क्षमतेच्या तुलनेत भरणा १३१ टक्के. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ काढलेल्याला, सोडण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. जुन्या प्रकरणांनाही तिचा लाभ द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. सुधारणा, शिक्षण, काम या सगळ्या योजना प्रामुख्याने पक्क्या कैद्यांसाठी असतात. कच्चा कैदी कायद्याने निर्दोष, म्हणून त्याला सक्तीचं काम नाही, आणि अनेकदा करण्यासारखं काहीच नाही. तो फक्त तारखेची वाट पाहतो.

सुट्टी कशासाठी

पॅरोलवर लोकांचा फार राग असतो. वजनदार कैदी सारखे बाहेर दिसतात तेव्हा तो राग रास्तच आहे. पण त्या रागात मूळ कल्पनाच वाईट ठरवली जाते, आणि तिथे मला थांबवावंसं वाटतं.

महाराष्ट्रात कैद्याला दोन प्रकारची रजा मिळते. संचित रजा, म्हणजे फर्लो. ठरावीक शिक्षा भोगल्यावर आणि वागणूक चांगली असल्यावर ती मिळते, त्यासाठी खास कारण लागत नाही, आणि नीट परत आल्यास ते दिवस शिक्षेत धरले जातात. दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. घरात मृत्यू, गंभीर आजार, लग्न अशा कारणासाठी ती मिळते आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. दोन्हींना १९५९ च्या नियमांचा आधार आहे.

यामागचा विचार अगदी व्यावहारिक आहे. हा माणूस एक ना एक दिवस बाहेर येणार आहे. पंधरा वर्षांत त्याने रस्ता ओलांडला नाही, पैसे हाताळले नाहीत, आपल्या मुलीशी जाळीविना बोलला नाही, आणि मग एका सकाळी त्याला गेटबाहेर सोडलं, तर तो टिकणार कसा? रजेवर जाऊन वेळेत परत येणारा कैदी आपल्या वागण्याचा पुरावा स्वतःच तयार करत असतो. सुटकेच्या फाइलमध्ये याहून चांगला पुरावा कोणता असेल? घर टिकून राहतं ते वेगळंच. महाराष्ट्रातल्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो, त्यात कैद्यांना आपल्या लहान मुलांना जवळ घेता येतं. तोही याच जाणिवेतून आलेला आहे.

याच विचाराचं पुढचं पाऊल म्हणजे खुलं कारागृह. आणि इथे महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा वारसा आहे. स्वातंत्र्याच्या आधी, औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठबळाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहायचे आणि शेती करायचे. आज ती वसाहत राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. पैठणलाही खुलं कारागृह आहे. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन कमावतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. बंद तुरुंगापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, कारण पहारेकरी कमी लागतात आणि कैदी आपलं पोट स्वतः भरतो. एवढं असूनही देशात खुली कारागृहं मोजकीच आहेत. याचं समाधानकारक कारण मला सापडलेलं नाही.

सक्तमजुरीच्या कैद्यांना कामाचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेमार्फत कैद्यांना मजुरीच्या आधारावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज देण्याची योजना सुरू झाली, म्हणजे मुलाची फी किंवा वकिलाचा खर्च आतून भागवता येतो. दुसऱ्या बाजूला, कोणी झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा हे अनेक राज्यांच्या तुरुंग नियमांत जातीवरून ठरत होतं. ते घटनाबाह्य आहे हे सांगायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

सुटल्यावर खरी अडचण सुरू होते. भाड्याने खोली घ्यायची तर पोलीस पडताळणी, नोकरीला चारित्र्य पडताळणी. गावात परतावं तर ज्यांच्या घरात मृत्यू झाला तेही तिथेच. परिवीक्षेवर सुटलेल्याला १९५८ च्या कायद्याने एक संरक्षण दिलंय, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला लागू होत नाही. पूर्ण शिक्षा भोगून आलेल्याला तेवढंही नाही.

ज्यांच्या घरातलं कोणी आत आहे त्यांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. पहिली, फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की राज्याचं मुदतपूर्व सुटकेचं धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार सरकारने स्वतःहून करायचा आहे, त्यासाठी कैद्याने अर्ज केलेलाच असावा अशी अट नाही. साधारणपणे दोषी ठरला त्या दिवशीचं धोरण लागू होतं, आणि नंतरचं धोरण अधिक उदार असेल तर त्याचा लाभ मिळतो. तेव्हा शिक्षेची तारीख, कच्च्या कैदेचे दिवस, मिळालेली माफी आणि कोणत्या गटात नाव आहे, हे सगळं तुरुंग कार्यालयाकडून लेखी मागून घ्या. दुसरी, कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथपर्यंत जाणं जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून कोणी आत अडकून पडलं असेल, तर गरीब कैद्यांसाठीच्या २०२३ च्या केंद्रीय योजनेतून मदत मिळू शकते, आणि जामिनाची रक्कम नसलेल्या कच्च्या कैद्यालाही (योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा अनुक्रमे पंचवीस हजार आणि चाळीस हजार होती). तिची चौकशीही याच कार्यालयात करता येते.